धूर कुणी काढला?

क्लोद मोनेचा एक किस्सा मला फार आवडतो. १८७७ सालची गोष्ट. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनात गाड्या सुटायच्या वेळी धुराने काही म्हणजे काही दिसेनासं होतं, तेच आपण रंगवायचं असं त्याच्या मनाने घेतलं. तेव्हा मोनेला विचारतंय कोण? खिशाचीही बोंब. तरी पठ्ठ्याने ठेवणीतला पोशाख चढवला, मनगटाशी लेस, हातात सोन्याच्या मुठीची काठी, आणि थेट रेल्वेच्या डायरेक्टरसमोर जाऊन उभा राहिला. मी चित्रकार मोने, म्हणाला. तुमचं स्टेशन रंगवावं की गार द्यु नॉर, याचा बरेच दिवस विचार करत होतो. शेवटी तुमचंच पसंत पडलं. डायरेक्टरला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तसं कबूल कसं करणार? त्याने हुकूम सोडले. गाड्या थांबल्या, प्लॅटफॉर्म रिकामे झाले, आणि साहेबांना हवा तसा धूर निघावा म्हणून इंजिनांत कोळसा ठासला गेला.

हा किस्सा जाँ रन्वार या फ्रेंच सिनेदिग्दर्शकाने आपल्या वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात आहे. वडील म्हणजे मोनेचा जिवलग दोस्त, चित्रकार ऑग्यूस्त रन्वार. बापाने म्हातारपणी मुलाला सांगितलेला आणि मुलाने पुढे कित्येक वर्षांनी कागदावर उतरवलेला, तेव्हा त्यात मीठमसाला असणारच. कागदोपत्री पक्कं आहे ते एवढं: मोनेला जानेवारी १८७७ मध्ये स्टेशनात बसून काम करायची परवानगी मिळाली, कायबॉत या पैसेवाल्या चित्रकार मित्राने त्याला जवळच एक खोली भाड्याने घेऊन दिली, त्याने सँ-लाझारची बारा चित्रं केली आणि त्यातली सात त्याच एप्रिलमध्ये इम्प्रेशनिस्टांच्या तिसऱ्या प्रदर्शनात लागली.

किस्सा ऐकून लोक हसतात ते डायरेक्टरला. मी अडतो शेवटच्या वाक्याशी. कोळसा ठासला गेला. कुणी ठासला?

माझे आजोबा भुसावळच्या लोको शेडला फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. त्यामुळे आमच्या घरात काळा धूर ही शोभेची गोष्ट कधीच नव्हती. आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता: मधून जाळाची नळी, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा खण. रेल्वेचं बॉयलर म्हणजे ह्याच बंबाचं आडवं पडलेलं थोरलं भावंड, फक्त एका नळीच्या जागी शंभरावर नळ्या. आईने घाईत एकदम चार ढलप्या कोंबल्या की परसात काळाकुट्ट धूर व्हायचा आणि आजोबा ओट्यावरून ओरडायचे, "सूनबाई, अगं पैसे जाळतेस का!" मग स्वतः उठून यायचे, दोन ढलप्या बाहेर काढायचे, उरलेल्या नीट उभ्या लावायचे. थोड्या वेळात धूर नाहीसा, आणि पाणी मात्र चटका बसेल असं.

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, इतकं साधं गणित आहे. भट्टीत एकदम ढीग टाकला की जाळ दबतो, कोळशातून सुटलेल्या वायूला पुरेशी हवा मिळत नाही आणि पेट घेण्याआधीच तो काजळी होऊन धुराड्यातून पसार होतो. डब्ल्यूजी हे आपल्याकडचं मालगाडीचं मोठं इंजिन. त्याच्या भट्टीची जाळी ४६ चौरस फूट, बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला २१० पौंड. एवढ्या जाळीवर फावड्याने कोळसा पसरायचा, तोही हलत्या, हिसके देणाऱ्या फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनातल्या ड्रायव्हर-फायरमनच्या जागेवर, उभं राहून, एका फेरीत काही टन. थोडा-थोडा, पण सारखा. आधी मागचे दोन कोपरे, मग कडा, मधे पातळ. दार उघडलं की भट्टीचा उजेड डोळ्यांवर येतो, आत नुसता पांढरा झगझगाट, काहीच कळत नाही. अशा वेळी फावडं दारातून आत सरकवून तिरकं धरायचं. त्याच्यावरून आत जाणारी हवा जाळ बाजूला सारते आणि तेवढ्या फटीतून निखाऱ्यांचा थर दिसतो: कुठे खड्डा पडलाय, कुठे क्लिंकर, म्हणजे वितळून दगडासारखी घट्ट झालेली राख, धरलंय. आपल्या कोळशात राख फार, त्यामुळे क्लिंकर ही रोजची पीडा. आजोबा हे सगळं सांगायचे ते हातात खरोखरचं फावडं असल्यासारखे मनगट वळवून.

आणि वाफ? सिलिंडरमधलं काम संपलेली वाफ धुराड्यातूनच बाहेर फेकली जाते. बाहेर पडताना ती भट्टीतला धूर आपल्याबरोबर खेचून नेते, त्यामुळे जाळीखालून ताजी हवा आत ओढली जाते. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार फुत्कार. इंजिनाने जितका जोर लावावा तितकी भट्टी आपोआप जास्त पेटते. हा या यंत्राचा सगळ्यात सुंदर भाग, आणि तो एकाही चित्रात दिसत नाही. दिसतं ते मिश्रण. कोळशाचा धूर काळा-करडा, वाफ पांढरी. तीही लगेच पांढरी नसते. धुराड्याच्या तोंडाशी ती पारदर्शक असते, थंड हवेत गेल्यावर तिचे थेंब होतात आणि मग ढग दिसतो. भुसावळच्या मे महिन्यात, जिथे सावलीतही माणूस भाजून निघतो, तिथे हा ढग धरायचाच नाही फारसा. म्हणजे उन्हाळ्यातली दुपार आणि फूटप्लेटवर कसबी फायरमन असा योग जुळला, तर धुराड्यातून बघण्यासारखं जवळजवळ काहीच निघत नाही.

असलं इंजिन चित्रकाराच्या काय कामाचं?

आगगाडीच्या ज्या चित्रांवर आपण जीव टाकतो, ती एक तर थंडीतली आहेत, नाही तर वाईट फायरिंगची, म्हणजे भट्टीत कोळसा वाईट घातल्याची. किंवा मोनेच्या किश्शासारखी, मुद्दाम करवून घेतलेल्या वाईट फायरिंगची.

मोनेची सँ-लाझार चित्रं या नजरेने बघायला मला मजा येते. जानेवारी ते एप्रिल, म्हणजे पॅरिसची थंडी. ऑर्से म्युझियममधल्या चित्रात काचेच्या उतरत्या छपराखाली वाफ कोंडली आहे, ती निळसर; छपराबाहेर उजेडात गेली की पांढरी. लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपल्याकडच्या सँ-लाझार चित्राच्या रंगांची तपासणी केली, तेव्हा असं दिसलं की त्यातले काळपट भागसुद्धा काळ्या रंगाचे नाहीत म्हटलं तरी चालेल. निळे, हिरवे, लाल असे भडक रंग एकमेकांत कालवून तो गडदपणा आणला आहे. ज्या इंजिनाची काजळी नखांतून निघता निघत नाही, ते मोनेने काळा रंग जवळपास न वापरता उभं केलं. पण त्याच्या ढगांत पांढरंच जास्त आहे, वाफच जास्त आहे. किश्शातला ठासलेला कोळसा खरा असता तर चित्रं याहून बरीच मळकट झाली असती असं मला वाटतं. सँ-लाझारचे फायरमन आपलं काम बरं करत असावेत.

इंग्रज चित्रकार टर्नरचं प्रकरण वेगळं. 'रेन, स्टीम अँड स्पीड' १८४४ मध्ये रॉयल अकॅडमीत लागलं तेव्हा तो एकोणसत्तरीचा होता. ब्रुनेल या इंजिनिअरने मेडनहेडला थेम्सवर बांधलेला विटांचा पूल, पाऊस, आणि पुलावरून आपल्या अंगावर येणारं ग्रेट वेस्टर्नचं इंजिन. खाली नदीत होडी आहे, लांब शेतात नांगर आहे, आणि रुळांवर इंजिनाच्या पुढे एक ससा जिवाच्या आकांताने पळतोय. ससा आता इतका पुसट झालाय की सांगितल्याशिवाय सापडत नाही. या चित्राची पुस्तकातली रंगीत छपाई मी एकदा आजोबांना दाखवली होती. पाऊस त्यांना पटला, पूल आवडला. मग इंजिनाच्या तोंडाशी बोट ठेवून म्हणाले, "भट्टी पुढं कशी?"

बरोबर होतं त्यांचं. इंजिनाची भट्टी मागे असते, ड्रायव्हर-फायरमनच्या पायाशी. पुढच्या तोंडाला असते ती धुराची पेटी, बंद, काळी. टर्नरच्या इंजिनाच्या पुढच्या अंगाला तांबडा-पिवळा जाळ आहे, जणू बॉयलरचं तोंडच कापून आत काय चाललंय ते दाखवलंय. जाणकारांनी यावर बरंच लिहिलं आहे. गाडी बाहेरून कितीही बघा, तिचा जाळ दिसत नाही. तो दिसतो फक्त फावडं धरणाऱ्याला. टर्नरने तो उचलून सगळ्यांसमोर आणून ठेवला. यंत्र म्हणून चूक, आणि मला आजतागायत आगगाडीचं याहून खरं चित्र सापडलेलं नाही. आजोबांना अर्थात हे पटलं नाही.

बाकीच्यांनी इंजिनाकडे पाठच फिरवली म्हणा ना. एदुआर माने (हा मोने नव्हे, दुसरा फ्रेंच चित्रकार) याच्या १८७३ च्या चित्राचं नावच 'रेल्वे', आणि त्यात रेल्वे नाही. लोखंडी गजांशी एक मुलगी पाठमोरी उभी, शेजारी मांडीवर कुत्र्याचं पिल्लू आणि पुस्तक घेऊन बसलेली बाई, आणि गजांपलीकडे एक पांढरा लोट. गाडी येऊन गेली की यायचीय, काही पत्ता नाही. सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य चित्रप्रदर्शनात, लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. दोमिये या फ्रेंच चित्रकाराने तिसऱ्या वर्गाचा डबा रंगवला: टोपली मांडीवर घेतलेली म्हातारी, अंगावर पाजणारी आई, झोपलेला पोरगा. त्यातही इंजिनाचा मागमूस नाही. पण त्या डब्यातला अवघडलेपणा, बाकाचा तो कठीणपणा मला कुठल्याही पॅसेंजरमध्ये बसलं की आठवतो. फ्रिथ या इंग्रज चित्रकाराने १८६२ साली लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनचं एक भलंमोठं चित्र केलं, त्यात निरोप, लग्नाचं वऱ्हाड, अटक करणारे पोलीस असं सगळं भरलंय. मला ते नाटकातल्या शेवटच्या प्रवेशासारखं वाटतं, सगळी पात्रं एकदम रंगमंचावर.

छायाचित्रकारांना मात्र धुराशी सामना करावाच लागला, कारण त्यांना तो मनाने रंगवता येत नव्हता. ओ. विन्स्टन लिंक हा न्यूयॉर्कचा जाहिरातींची छायाचित्रं करणारा माणूस. १९५५ ते १९६० या काळात तो अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेमागे लागला, कारण वाफेची इंजिनं शेवटपर्यंत चालवणाऱ्या मोठ्या रेल्वेंपैकी ती होती. लिंकने काम केलं ते बहुतेक रात्री. सूर्य हलवता येत नाही, पण फ्लॅशचे बल्ब हवे तिथे लावता येतात, असं त्याचं म्हणणं. अंधारात ढीगभर बल्ब एकदम उडवले की वाफेचा ढग काळ्या आभाळावर खडूसारखा पांढरा उमटतो. १९५६ साली वेस्ट व्हर्जिनियात काढलेलं त्याचं सगळ्यात गाजलेलं छायाचित्र: मोकळ्या मैदानातल्या सिनेमाला मोटारींत बसलेली जोडपी, पडद्यावर विमान, आणि मागून धडधडत जाणारी मालगाडी. फ्लॅशच्या उजेडात पडद्यावरचं विमान पार धुऊन गेलं होतं, ते त्याने नंतर डार्करूममध्ये घातलं. वाफ मात्र अस्सल.

आपल्याकडे हाच प्रश्न सत्यजित रायांपुढे आला. 'पथेर पांचाली'तली अपू-दुर्गाची आगगाडी न बघितलेला मराठी माणूस मला तरी भेटायचा आहे. १९५२ च्या ऑक्टोबरात त्या प्रसंगाने सिनेमाचं चित्रीकरण सुरू झालं. पुढच्या खेपेला युनिट परत जातं तो काश या उंच गवताचे पांढरे तुरे गुरांनी फस्त केलेले, मग पुढच्या मोसमापर्यंत थांबणं आलं. गाडी पडद्यावर एक दिसते, ती प्रत्यक्षात एकाहून जास्त गाड्यांवरून जुळवलेली आहे. आणि पांढऱ्या तुऱ्यांमागून काळा धूर उठायला हवा म्हणून युनिटमधला माणूस इंजिनात चढवला होता. ठरल्या ठिकाणी फायरमनने कोळसा घालायचा, म्हणजे ऐन शॉटला धूर. रोज ज्या धुरासाठी बोलणी बसायची, तोच धूर मागायला चक्क कलकत्त्याहून सिनेमावाले आले, तेव्हा त्या फायरमनच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल याचं मला अपार कुतूहल आहे.

गंमत अशी की रायांचा आणि मोनेच्या किश्शाचा धागा खरोखरच जुळतो. १९४९ मध्ये जाँ रन्वार 'द रिव्हर'साठी बंगालमध्ये आला, तेव्हा त्याला जागा दाखवत हिंडणारा तरुण म्हणजे राय. आणि या जाँ रन्वारने त्याच्या अकरा वर्षं आधी, १९३८ साली, झोलाच्या कादंबरीवर 'ला बेत ह्युमेन' केला होता. झोलाने ती कादंबरी लिहिताना स्वतः इंजिनात उभं राहून प्रवास केला होता, रन्वारने त्याच्या पुढे जाऊन कॅमेराच तिथे नेला. सिनेमा उघडतो तोच भट्टीच्या जाळावर. मग फावडं. मग ड्रायव्हर आणि फायरमन, काजळीने माखलेले, चष्मे लावलेले. आवाजात बोलणं शक्यच नसतं, त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांनी. एक बोट दाखवतो, दुसऱ्याला कळतं. गाडी ल हाव्रला चाललीय, म्हणजे सँ-लाझारचीच लाईन. बापाच्या दोस्ताने फलाटावर उभं राहून ज्या ढगाचं चित्र केलं, मुलाने त्या ढगाच्या बुडाशी जाऊन कॅमेरा लावला. ड्रायव्हर झालेला जाँ गाबँ इंजिन चालवायला शिकला होता, आणि ते दिसतं; हात हँडलवर कसा पडतो ते खोटं करता येत नाही. हा भाग आजोबांना दाखवायला हवा होता, पण तो माझ्या हाती लागेपर्यंत ते राहिले नव्हते.

इकडे आपल्याकडे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पडद्यावरची पहिली गाडी आली ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात, ल्युमिएर बंधूंच्या खेळात. दोन्ही मुंबईतच. बोरघाटाचं काम चालू असताना, १८५९ मध्ये, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे नेलं. घाटातल्या पुलांची, कापलेल्या कड्यांची छायाचित्रं तिच्या नावावर आहेत. व्ही.टी.च्या दगडी नक्षीवर जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात फिरला. तिथे मोर आहेत, माकडं आहेत, पानं-फुलं आहेत, रेल्वेच्या डायरेक्टर मंडळींचे आणि नाना शंकरशेटांचे दगडी चेहरे आहेत. वर घुमटावर 'प्रगती' उभी, एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या बाजूला आऱ्यांचं चाक. आग आहे, चाक आहे, आणि मधला माणूस गायब. मी मान दुखेपर्यंत ती इमारत न्याहाळली आहे; फावडं धरलेला कुणी मला अजून दिसलेला नाही. माणूस चित्रात यायला बराच काळ जावा लागला. ठाण्याचे सुधीर पटवर्धन, पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ, यांच्या चित्रांत तो आला: पुलावरून उतरणारा, लोकलला लोंबकळणारा, कामावरून थकून परतणारा. तोवर वाफेचं इंजिन आमच्या उपनगरांतून कधीच गेलेलं.

ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची शेवटची गाडी १९९५ च्या डिसेंबरात पंजाबात धावली. त्याआधी पंचवीस वर्षं, १९७० मध्ये, चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं होतं, त्याचं नाव 'अंतिम सितारा'. आता इंजिनं उरली ती हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये, डोंगरातल्या छोट्या गाड्यांवर, म्युझियममध्ये. जुन्या काळातला सिनेमा काढायचा असला की मंडळी रेवाडीला जातात.

परदेशात तर याचा रीतसर धंदा झालाय. छायाचित्रकारांसाठी खास गाडी काढतात. ती कुठेतरी माळावर थांबते, सगळे तिपाया घेऊन उतरतात, गाडी मागे जाते आणि खास त्यांच्यासाठी पुन्हा दणदणत पुढून निघते. थंडीतली सकाळ असली तर भाव जास्त. तरी नुसती वाफ कुणाला पुरत नाही, काळा लोट हवा असतो. मग इशारा झाला की फायरमन दार उघडून फावड्यामागून फावडं आत ओततो, माझ्या आजोबांनी ज्यासाठी पोराला फूटप्लेटवरून खाली उतरवलं असतं अगदी तसं. माळावर कॅमेरे कडाकडा वाजतात. नंतर ते लोक पुन्हा डब्यात चढून आपापले फोटो बघत बसतात, आणि फायरमनच्या भट्टीत अर्धा कच्चा ढीग पडलेला असतो. आता तो सळईने मोडायचा, पसरायचा, दार किलकिलं ठेवून वरून हवा द्यायची, दाब उतरलेला असतो तो चढवायचा. पुढचं स्टेशन येईस्तोवर त्याला मान वर करायला फुरसत नसते.